कमरेपर्यंत संध्याकाळ

खिडकीमामांच्या बिरवाडीतल्या घराला एकही खिडकी नव्हती. तेवढी एक गोष्ट सोडली, तर हा माणूस नखशिखान्त खिडक्यांचाच होता. रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि कॅनव्हासवर खिडक्या रंगवायला बसले. त्या खिडक्यांना चौकट नाही, गज नाहीत, पडदा नाही. वर पिवळ्याचा लोंढा, मध्ये निळ्याचा फराटा, खाली जाड तपकिरी पट्टा. मी एकदा धीर करून विचारलं, "मामा, हिला गज कुठायत?"

"गज तुझ्या डोक्यात हायत रे. आधी ते काप!"

रंग लावायचे तेही हात राखून नव्हे. एकदा त्यांनी लाल रंगाची खिडकी अंगणात वाळत घातली, तर थेट पाचाडपर्यंतच्या म्हशी बुजल्या. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा. रोज संध्याकाळी मामा दारात उभे राहून पेपर तपासणाऱ्या मास्तरासारखे मावळतीकडे बघत आणि निकाल देत, "रंग जरा चुकलाय." सूर्य बिचारा मान खाली घालून बुडायचा.

महाडातल्या एका मंगल कार्यालयात त्यांनी प्रदर्शन भरवलं. आता महाडकराला पट्टा दाखवू नये. पूर ओसरला की आमच्याकडे भिंतीवर पाण्याची रेघ मारून ठेवतात आणि घराला नवा रंग काढला तरी ती रेघ बुजवत नाहीत. त्यामुळे जो तो चित्राला पाठ लावून उभा राहायचा, तपकिरी पट्टा स्वतःच्या अंगावर कुठवर येतो ते बघायचा आणि हळहळायचा. एका कापडवाल्या शेटने तर चित्र विकत घेऊन दुकानात असं खाली टांगलं, की पट्टा बरोब्बर पुराच्या रेघेला टेकला. मामा तडक दुकानात गेले.

"अवो शेट, ते पाणी नाय! ती संध्याकाळ हाय!"

"असेल ना मामा," शेट शांतपणे म्हणाले. "आमच्या दुकानात संध्याकाळ कमरेपर्यंत आली होती."

घरी मामींचं मागणं एकच. मागच्या स्वयंपाकघरात चुलीचा धूर कोंडायचा, दिवसाढवळ्या दिवा लावून भाकऱ्या थापाव्या लागायच्या. "अवो, जगाला खिडक्या दाखवताय, मला एक पाडून द्या!" त्यावर मामांचं ठरलेलं उत्तर : "भोक पाडायला गवंडी पुरतो गो. खिडकीला माणूस लागतो." शेवटी एका दिवाळीत त्यांनी सगळ्यात मोठं चित्र चुलीसमोरच्या भिंतीवर ठोकलं.

"घे गो, तुझी खिडकी!"

"आणि धूर कुठनं जायचा?"

"कल्पनेनं."

"मग आज भाकरीपण कल्पनेनंच खा!"

दुपारपर्यंत मामांनी ती खाल्ली. मग आमच्या घरी येऊन माझ्या वाटणीच्या भाकऱ्या मात्र अगदी वास्तववादी शैलीत संपवल्या.

गेल्या वर्षी मामा गेले. मामी महिनाभर त्या चित्राकडे पाठ करून भाकऱ्या थापत होत्या. मग एक दिवस त्यांनी गवंड्याला बोलावलं. मी चित्र उतरवलं. सगळी भिंत धुराने काळीकुट्ट, आणि चित्रामागे मात्र लख्ख पांढरा चौकोन.

गवंड्याने टेप काढली. "वहिनी, माप काय धरू?"

"टेप कशाला? ते बघ, त्यांनी आखून ठेवलंय."

संध्याकाळपर्यंत भिंत फुटली. धूर वाट पुसत बाहेर निघाला आणि समोर मावळती आली. वर पिवळा उजेड, मध्ये डोंगराची निळी कड, खाली नांगरलेलं तपकिरी शेत. मी ओरडलोच. "मामी, हुबेहूब त्यांचं चित्र!"

मामींनी पिठाचे हात नव्या कठड्यावर टेकले. मावळती वरपासून खालपर्यंत तपासली.

"बरी हाय," त्या म्हणाल्या. "पण रंग जरा चुकलाय."