भात निवण्याआधी

भुईगावच्या त्या घरात बेसिलकाकांनी कपाळाला बोटं लावल्याशिवाय कुणी घास उचलत नसे. रोज, दोन्ही वेळा. उजव्या हाताने क्रुसाची खूण झाली, की मार्थाकाकू भात वाढायच्या.

मग बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, शेवाळलेल्या काठावर काका घसरले आणि उजवं कोपर मोडलं. ऑपरेशनने हाड जुळलं, पण सांधा आखडला. हात छातीपर्यंत यायचा, तिथेच अडायचा. रिकाम्या ताटासमोर काका पुन्हा प्रयत्न करायचे. पुन्हा.

"डाव्या हाताने करा," काकू म्हणायच्या. "देव काय हात बघत बसलाय?"

"वाढू नकोस. थांब." भात निवायचा, मग खूण न करताच जेवायचे.

एव्हरशाईन सिटीतून फिजिओथेरपिस्ट अश्लेषा यायची. एका हाताने कोपर, दुसऱ्याने मनगट धरायची आणि दंडाचा ताण सुटेपर्यंत तशीच थांबायची. काकांना त्या थांबण्याचाच राग. पाय हलत, नजर वाडीतल्या केळींवर.

"बाय, नुसती धरून काय बसलीस? एक हिसका दे, सुटेल."

"सुटणार नाही, अंकल. सुजेल."

त्यांना ते पटलं नाही. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर त्यांनी शेजारच्या रॉकीला बोलावलं. त्याने खोबरेल चोळलं, दंड दाबून धरला आणि जोर लावून हात वाकवला.

सोमवारी कोपर लाल, गरम. अश्लेषाने हात लावला, तेलाचा वास घेतला.

"कुणी केलं?"

"रॉकीने," काकूंनी सांगून टाकलं. "पंपाचा जाम झालेला नट वाटला त्याला."

डॉक्टरांना दाखवलं. बरेच दिवस नुसता बर्फ आणि विश्रांती. आता हात छातीपर्यंतही येईना. काका घरभर फेऱ्या मारायचे.

"असाच राहील का गं?" अश्लेषा पुन्हा आली तेव्हा त्यांनी विचारलं.

"मी धरते तेव्हा तुम्ही आतून खेचता. माझ्या बोटांना कळतं ते. भार सोडा माझ्यावर."

भार सोडणं काकांना सवयीचं नव्हतं. थोडा सोडायचे, लगेच परत घ्यायचे. तरीही छाती, मग गळा, मग हनुवटी. तिथून पुढे ते हळूच मान वाकवायचे.

"डोकं खाली नाही, अंकल. हात वर."

एका दुपारी बोटं कपाळाला लागली. मधोमध नाही, भुवईच्या जरा वर. पुढची खूण हळूहळू पुरी झाली. काकू वाढायचं विसरून, पळी धरून उभ्या होत्या.

काकांनी ताट पुढे सरकवलं.

"बघतेस काय? वाढ. निवला भात."