आत्याच्या वहीतली दहा गाणी

मनकर्णा आत्याला गाण्यांची नावं कधीच लक्षात राहत नाहीत. सिनेमा कुठला, गायलं कुणी, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. गाण्यात तिला जो आवाज सापडतो, त्यावरून ती त्याचं नाव ठेवते. कपात चमचा. बांगड्या. कुलपाची किल्ली. तिच्या वहीत चौदा वर्षांची अशी गाणी आहेत. दर वर्षाची दहा, डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी क्रम लावून लिहिलेली.

तिचा मुलगा विकी दुसरीत होता तेव्हा हे सुरू झालं. एफएमवर वर्षातली दहा गाणी लागली होती. पहिलं आलेलं गाणं ऐकून आत्या म्हणाली, "ह्यांला कान हायेत का न्हाईत?" तेव्हापासून आमची वेगळी यादी. विकी गाणी लावतो, मी तिची भाची म्हणून हक्कानं भांडते आणि आत्या निकाल देते. हिंदी, तेलुगू, मराठी, सगळी एकाच रांगेत. तिच्या निकालावर कुणी बोलत नाही, कारण तिच्यासारखे कान आमच्यात कुणाचे नाहीत.

त्या कानांवरच तिची नोकरी आहे. परभणीकडून आलेली, सातवी शिकलेली आत्या हैदराबादेत नल्लकुंट्याच्या एका खाजगी दवाखान्यात आया म्हणून लागली. एकदा ऑपरेटर आली नाही म्हणून तिला तासभर टेलिफोनच्या बोर्डावर बसवलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेलुगूत ओरडणारा कंपाउंडर, उर्दूत रडणारी बायको, घाईत अर्धंच बोलणारा डॉक्टर, सगळ्यांचं तिला पहिल्या खेपेला कळतं. "परत बोला" हे तिला कधी म्हणावं लागलं नाही, असं ती आम्हाला अभिमानानं सांगायची.

या वेळी दुपारी मी मलकपेठला तिच्या घरी पोचले, तेव्हा वही टेबलावर नव्हती. मी मागितली तशी तिनं कपाटातून काढली.

"यादी लावून ठेवलीय मी. तुमी नुसती वाचा."

"चीटिंग है आई," विकी म्हणाला. "आम्ही बसायच्या आधीच फायनल खेळून घेतली?"

मी मोठ्यानं वाचायला लागले. दणदण. ट्रॅक्टर. लग्नातला बाजा. दुकानाचं शटर. विकी हसून हसून लोळला. "आई, ही टॉप टेन आहे का रस्त्याचं काम चालूय?"

आत्याही हसली. जरा उशिरा, आमची तोंडं बघून.

"आणि ते घुंगरूवालं कुठंय?" विकीनं विचारलं. "उन्हाळ्यापासून आख्खं हैदराबाद तेच वाजवतंय. मला वाटलं, तुझं पहिलं तेच."

"हाय की. आठवं. मडकं."

"मडकं?"

"मडकं वाजतंय त्यात. तुमाला ऐकू येत न्हाई का?"

"लाइट घे आई, टेन्शन नको, लावतोच," म्हणत विकीनं मोबाइल छोट्या स्पीकरला जोडला.

गाणं सुरू झालं. त्याच्या सुरुवातीला वीसेक सेकंद दुसरं काहीच नाही. फक्त घुंगरू, कुणी लांबचा जिना उतरत यावं तसे. विकी डोळे मिटून मान हलवत होता. आत्या एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "लाव की रे. कवाचा धरून बसलास."

विकीनं डोळे उघडले. तेवढ्यात मडकं वाजायला लागलं आणि आत्याचं बोट गुडघ्यावर ठेका धरू लागलं, अगदी बरोबर.

"आई, आधीचे घुंगरू?"

"ते तर हायेतच," ती घाईनं म्हणाली. "छान हायेत."

गाणं तसंच चालू राहिलं. मी वही चाळायला लागले. गेल्या वर्षी पैंजण, काडेपेटी, पिठाची चाळणी. त्याच्या आदल्या वर्षी चिमणी, पाण्याचा थेंब, पुन्हा बांगड्या. या वर्षीच्या दहांत बारीक आवाजाचं एकही नव्हतं. मी परत पहिल्यापासून वाचलं. तरीही नव्हतं.

आत्यानं विकीला दूध आणायला पाठवलं. तो गेला, दाराचं कुलूप खट्कन लागलं.

"दार लागलं का?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"तुला कळलं ना? त्याला सांगू नको." ती पलंगाच्या कडेला बसली. "बारा तारखेला एका वॉर्डातून नवी सिस्टर मोबाइलवरून बोलली. पळत होती. पेशंटला दम लागलाय, डॉक्टर पाठवा. वॉर्ड कुठला, तर मला नुसतं मिदी, मिदी ऐकू आलं."

तेलुगूत आठ म्हणजे एनिमिदी आणि नऊ म्हणजे तोम्मिदी. सुरुवातीचं निसटलं की दोन्ही सारखेच.

"मग?"

"मी आठ समजले. माइकवर आठ बोलले. डॉक्टर आठमधी पळाले, म्हातारा नऊमधी. तीन मिन्टं, दीक्षा." तिनं पदर मुठीत धरला. "वाचला तो. पण सगळ्यांला वाटलं, त्या पोरीनंच चुकीचा वॉर्ड सांगितला. तिला लई बोलले. मी तिथंच बसलेली. गप."

तेव्हापासून ती प्रत्येकाला लाइन खराब आहे म्हणून सांगत होती. रोज सकाळी बसमध्ये आठ-नऊ, आठ-नऊ असं मनात घोकत जायची. बोर्डावरचा दिवा लागला की हात पुढं होईना. दुसऱ्या दिवशी सोमवार, सकाळी सातची ड्यूटी होती.

"तू म्हण," ती एकदम म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. "तेलुगूतच. आठ न्हाईतर नऊ. कसंही मागंपुढं. मी लिहिते."

मी तिच्या पाठीमागे उभी राहून दहा वेळा म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटत होता. वहीच्या शेवटच्या पानावर ती पेन्सिलीनं आकडे लिहीत होती. प्रत्येक आकड्याआधी पेन्सिल थांबायची. तिच्या अंबाड्याखाली मानेवर घाम आला होता. डिसेंबर होता आणि पंखा बंद होता, तरीही.

"किती?" तिनं वळून विचारलं.

मी ताडून पाहिलं. दहापैकी नऊ बरोबर म्हणावं, असं एक क्षण वाटलं. पण ती माझ्या ओठांकडे बघत होती.

"पाच."

"अर्धे." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "न ऐकता लिहिले असते तरी तेवढे आले असते."

"मशीन मिळतं आत्या कानाला. तपासून घेऊ."

"मशीनवाल्या बाईला बोर्डावर कोण बसवील?"

खालून कुकरची शिट्टी आली. तिनं मानही वळवली नाही, आणि मला पहिल्यांदा तिच्याबद्दल खरी भीती वाटली. गॅस, रस्ता, मागून येणारी बस, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

आत्यानं मोबाइल घेतला. ड्यूटी लावणाऱ्या त्रिवेणी मॅडमचं नाव काढलं. बराच वेळ अंगठा त्यावर नुसता फिरत राहिला. मग तिनं फोन लावला आणि समोरून काही यायच्या आतच बोलायला लागली, जणू थांबली तर जमणार नाही.

"मॅडम, कल मेरेकू बोर्ड पे नक्को बिठाओ. और वो बारा तारीख का... वो बच्ची सही बोली थी. नौ बोली थी. मेरेकूच सुनाई नै दिया."

पलीकडून आवाज आला. बारीक, भराभर बोलणारा. आत्यानं फोन कानावर दाबला. मग दुसऱ्या कानाला लावला. तिचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला.

"परत बोला मॅडम," ती मराठीतच म्हणाली. थोडा वेळ तिनं ऐकायचा प्रयत्न केला आणि फोन माझ्यापुढं धरला.

"काय म्हणतीय ती? तू ऐक. मग मला सांग."

मी फोन कानाला लावला. बाहेर जिन्यावर विकीची पावलं वाजली, किल्ली कुलपात फिरली. आत्यानं दाराकडे पाहिलं नाही. ती माझ्या ओठांकडे बघत होती.