हॉकीसाठी पाण्यात ठेवलेला देव

मला आइस हॉकी कधी आवडली नाही. आजही आवडत नाही. दहा-बारा दांडगे पुरुष पात्यांचे बूट घालून बर्फावर एका रबरी चकतीच्या मागे धावतात, एकमेकांना कडेच्या फळ्यांवर आपटतात, आणि ती चकती निम्म्या वेळा दिसतसुद्धा नाही. तरी एका वर्षी त्या खेळासाठी मी देव पाण्यात ठेवला होता. सहा महिने.

आमचे हे खडकीला वाढले. लहानपणी मातीच्या मैदानावर हॉकी खेळलेले. इंग्लंडात आलो तेव्हा कॉव्हेंट्रीहून तासाभरावरच्या गावात मोटारीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. बरोबरच्या एका गोऱ्याने विचारलं, रविवारी हॉकी बघायला येतोस का? हे हौसेने पांढरे कॅनव्हासचे बूट घालून गेले. तिथे बर्फ. पाय गारठवून घरी आले आणि म्हणाले, "वेडे आहेत गं लोक." पुढच्या रविवारी परत गेले. मग दर रविवारी.

आमच्या गावची टीम कधीच काही जिंकली नव्हती. दरवर्षी शेवटाला येऊन हरायची. त्याचं ह्यांना काही वाटायचं नाही, कारण सोमवारी कारखान्यात जाऊन त्यावर भांडायला माणसं होती.

ऐंशीनंतर कारखाना बंद झाला. ह्यांनी वर्षभर काम शोधलं. मग शोधायचं थांबवलं आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्या भिंतीच्या कागदावर तपकिरी फुलं होती. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालून दुपारी यायचे, तर सकाळी ठेवलेला चहा तसाच, वर साय. डॉक्टर आपल्यातलेच होते. ते म्हणाले, "काकू, त्यांना कशात तरी गुंतवा." मी म्हटलं, "तुम्ही सांगा कशात." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

रविवारी मात्र हे उठायचे. तीनला दाढी, चारला चहा, पाचला गळ्यात टीमचा स्कार्फ. रविवार संध्याकाळचे ते तीन तास मला नवरा होता. बाकी सहा दिवस पाठ.

पण खेळ सप्टेंबर ते एप्रिल. उन्हाळ्यात काय? तिसऱ्या वर्षी टीम मार्चमध्येच हरून बाहेर पडली आणि मे महिन्यात एक कुत्रा फिरवणारा म्हातारा ह्यांना हाताला धरून दारात घेऊन आला. कालव्याच्या काठाशी अनवाणी उभे होते म्हणाला. बराच वेळ. मी त्याला थँक्यू म्हटलं, ह्यांचे पाय पुसले आणि मुलीला सांगितलं, बाबा फिरायला गेले होते. ती बारा वर्षांची होती. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

तेव्हापासून मला त्या टीमचं जिंकणं-हरणं कळायला लागलं. खेळ नाही, तारखा. सीझनच्या शेवटी वरच्या आठ टीम प्लेऑफला जातात. तीन आठवडे आपापसात खेळतात, मग चार उरतात त्या लंडनला. शनिवारी सेमीफायनल, रविवारी फायनल. म्हणजे आठात आले नाहीत तर मार्चअखेर भिंत. जिंकत गेले तर आणखी महिनाभर माझा माणूस उठतो. मला तो महिना हवा होता. कप गेला खड्ड्यात.

ज्या वर्षाचं सांगते, त्या वर्षी टीम आठात आली. ह्यांची दाढी आता रविवारीसुद्धा मी आठवण केल्यावर व्हायची. मी घाबरले. लग्नात आईने दिलेला पितळेचा रांगता बाळकृष्ण माझ्या देवघरात होता, एका हातात लोण्याचा गोळा वर धरलेला. पातेल्यात पाणी घालून त्यात तो ठेवला आणि म्हटलं, "टीमला कप मिळेपर्यंत तुला बाहेर काढणार नाही." आमच्याकडे असंच करतात. देवाला गारठवायचं, म्हणजे तो लवकर हलतो. ह्यांना दिसायला नको म्हणून पातेलं मागच्या शेडमध्ये ठेवलं.

हाउन्सलोला माझी धाकटी जाऊ असते, तिला फोनवर सांगितलं. ती हसायलाच लागली. "जाऊबाई, हॉकीसाठी? अहो, लोक पोरांच्या नोकरीसाठी ठेवतात."

"तुझ्या मोठ्या दिरांना एकदा येऊन बघ," मी म्हटलं, "मग हस."



पहिली मॅच बाहेरगावी होती, ती हरली. सोमवारी पहाटे लाँड्रीत जायच्या आधी पाणी बदलायला शेडमध्ये गेले, तर पातेल्यात बर्फ. मार्च संपत आला होता, तरी रात्री कडक गारठा पडला होता. बाळकृष्ण आत अडकला होता, फक्त लोण्याचा हात वर. मला रडू आलं नाही, माझा मलाच राग आला. इतकी वर्षं ह्या देशात काढून मला एवढं कळू नये? कोमट पाणी ओतून त्याला सोडवत होते तेवढ्यात मुलगी मागे येऊन उभी राहिली. आता ती पंधराची होती.

"आई, तुझी देव शेडमध्ये काय करते?"

"तुझा देव. काय करतो."

"तेच. काय करतो?"

"तुझ्या बाबांची टीम जिंकवतो."

पातेलं उचलून तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत पडद्यामागे नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून शाळेत जायच्या आधी पाणी तीच बदलायला लागली.

नंतरच्या मॅचेस जिंकल्या, एक सोडून. शेवटची आमच्याच गावात होती आणि जिंकल्याशिवाय लंडन नव्हतं. त्या दिवशी मी ह्यांच्याबरोबर गेले, कारण हरल्यावर त्यांना एकट्याने कालव्यावरून चालत येऊ द्यायचं नव्हतं. ह्यांच्या शेजारच्या जागेवर एक जाडजूड गोरी बाई वर्षानुवर्षं बसायची. सगळ्यांना लव्ह म्हणायची आणि खेळ चालू असताना विणायची. हे मराठीत ओरडायचे, "अरे मार की! बघतोस काय?" चौदा वर्षं ऐकून ती अख्खी रांग शिकली होती. ढोल वाजायचा, आणि ती बाई, तिचा नवरा, मागचे चार पोस्टमन, सगळे एका सुरात, "मार की! मार की!" मी तोंडावर पदर धरला. पदर नव्हताच, स्कार्फ होता. घरात तोंडातून शब्द न काढणाऱ्या माझ्या नवऱ्याने इथे तीस गोऱ्यांना मराठी शिकवलं होतं.

जिंकलो. दोन आठवड्यांनी कोच, म्हणजे मोठी बस, करून लंडनला गेलो. शनिवारी जिंकलो. रविवारी शेवटची दोन मिनिटं बरोबरीत होतो. मी डोळे मिटून बसले होते, त्यामुळे गोल कसा झाला ते मला आजही माहीत नाही. नुसता आवाज आला. डोळे उघडले तर ती गोरी बाई विणकाम टाकून ह्यांच्या गळ्यात पडली होती आणि ढसाढसा रडत होती. मोठमोठे पुरुष रडत होते. हे हसत होते. दात दिसतील असे हसत होते. मी मनात म्हटलं, झालं, सुटले.

कोचमध्ये सगळे गात होते. हे खिडकीशी बसले होते. अर्ध्या वाटेत माझ्याकडे न बघता म्हणाले, "जिंकलो. आता काय?"

तेव्हा कळलं मी काय करून बसले ते. मी चौथी शिकलेली बाई, पण नवस बोलताना शब्द नीट बोलावा लागतो हे मला आईने शिकवलं होतं. देव मागितलं तेवढंच देतो. मला माणूस हवा होता आणि मी मागितला कप. चौदा वर्षं जी गोष्ट झाली नव्हती म्हणून हा माणूस दर रविवारी उठत होता, तीच मी देवाला गारठवून करून घेतली.

सकाळी नवस फेडायला दूध घेऊन खिडकीशी गेले. पाण्यात हात घातला आणि परत काढला.

मुलगी म्हणाली, "टीम जिंकली ना? मग बाहेर काढ की."

"अजून नाही."

"चीटिंग आहे ही."

"असू दे."

तो उन्हाळा मी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. कालव्याकडे उघडणाऱ्या मागच्या फाटकाला कुलूप लावलं. पुढचं दार उघडंच असायचं, त्यामुळे त्या कुलपाचा काही उपयोग नाही हे मला माहीत होतं. मी आणि मुलगी पाळीपाळीने घरात राहायचो. सप्टेंबरात पहिली मॅच आली. मी स्कार्फ पलंगावर आणून ठेवला. हे भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "मी नाही येत. बघायचं ते बघून झालं."

मी मुलीला त्यांच्यापाशी बसवलं, स्कार्फ माझ्या गळ्यात घातला आणि एकटीच गेले. का गेले मला सांगता येत नाही. ती जागा रिकामी राहिली तर कोणीतरी दुसरं बसेल, असं काहीतरी डोक्यात होतं. ती बाई म्हणाली, "व्हेअर इज ही, लव्ह?" मी म्हटलं, आजारी. रांग "मार की" ओरडली. ढोल आणि आवाज जुळत नव्हते.

घरी येऊन बूट काढत होते तर वरून आवाज आला, "किती?"

मी जिन्याशी गेले. "पाच-तीन."

"कोण?"

"काय कोण?"

"पाच कोणाचे?"

"ते मी नाही बघितलं."

पलंग वाजला. मी वर गेले. तोंड अजून भिंतीकडेच होतं. "नवीन गोलकीपर आलाय म्हणे. कसा आहे?"

"जाडा आहे."

"अगं, जाडा म्हणजे काय? कुठल्या हाताला कच्चा आहे?"

"मला काय माहीत?"

हे कुशीवर वळले. माझ्याकडे. कपाळाला आठ्या, गालावर आठवड्याची दाढी. "दोन तास काय केलंस तिथे?"

"थंडीत बसले होते," मी म्हटलं. "तुमच्या जागेवर. पुढच्या खेपेला स्वतः जाऊन बघा."

पुढच्या रविवारी उठले म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल. त्याच्या पुढच्याही नाही. दोन्ही वेळा मी गेले आणि दोन्ही वेळा घरी येऊन चुकीचं सांगितलं. एकदा मुद्दाम. चौथ्या रविवारी तीनच्या सुमाराला न्हाणीघरात नळ सोडल्याचा आवाज आला. मुलगी जिन्यात उभी होती. आम्ही दोघी हललो नाही. दाढीचा ब्रश बशीवर आपटल्याचा आवाज येईपर्यंत हललो नाही.

मग मी बाळकृष्ण बाहेर काढला. काळा-हिरवा पडला होता. चिंच आणि मीठ लावून घासला. लोण्याचा हात काही उजळला नाही, तो आजही तसाच आहे. हे वरून ओरडत होते, "माझा स्कार्फ कुठे ठेवलास गं?" तो माझ्या गळ्यातच होता.