शेवाळाशी हातघाई

आमच्या ह्यांना स्वस्थ बसता येत नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण हा माणूस पाठ टेकून निवांत बसलाय असं मी कधी पाहिलं नाही. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. आत माणसं अडकलेली, बाहेर त्यांचे नातेवाईक ओरडतायत, तिथे 'उद्या बघू' म्हणून चालत नाही. बिघाड दिसला की हात घालायचा, ही सवय अंगात मुरलेली. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि ती सवय माझ्या घरात मुक्कामाला आली. मिक्सर उघडला, दाराच्या बिजागऱ्या काढल्या, माझं शिलाई मशीन उघडलं. मशीन परत जोडल्यावर दोन स्क्रू उरले. "ते जादाच होते," म्हणाले. जादाच म्हणे!

पुढच्या खोलीत त्यांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दोन नारिंगी मासे, थोडे खडक आणि खडकावर एक प्रवाळ. बोटाएवढा तुकडा आणला होता, तेरा वर्षांत त्याला अकरा तोंडं फुटली. टाकीतला दिवा लागला की प्रत्येक तोंडातून हिरवट बोटं बाहेर येतात आणि पाण्यात डोलत राहतात. पाहुणे आले की हे आधी प्रवाळाची ओळख करून देतात, मग माझी.

चार महिन्यांपूर्वी खडकावर शेवाळ आलं. केसांसारखं, लांब, हिरवंगार. झालं, ह्यांना उद्योग मिळाला. जुन्या टूथब्रशने खडक घासले, तर आठवड्यात दुप्पट उगवलं. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणल्या. त्या बिचाऱ्या जरा स्थिरस्थावर होतायत, तोवर टाकीला चादर गुंडाळून तीन दिवस अंधार. मग निम्मं पाणी बदललं, बादल्या मीच भरून दिल्या. मग माशांचा खाऊ कमी केला.

"अहो, एक उपाय धरून बसा की जरा," मी म्हणायची.

"आणि तोवर ते मरू दे?"

शेवाळ प्रवाळावर चढत होतं. एकेक तोंड मिटायचं ते पुन्हा उघडायचंच नाही. सकाळी दात घासायच्या आधी हे टाकीपुढे उभे राहून तोंडं मोजायचे. नऊ. सात. चार.

त्याच सुमारास जुन्या कंपनीतून फोन आला. नव्या मेकॅनिकांना शिकवायला या, आठवड्यातून तीन दिवस. हे केवढे हरखले! मीही हरखले, खोटं कशाला बोलू, तीन दिवस घर माझं. पण प्रवाळाची दोनच तोंडं उरली तेव्हा म्हणाले, "एवढीशी टाकी सांभाळता येत नाही मला. तिथे माणसं दोरावर लटकलेली असतात. मी काय कपाळ शिकवणार? हात गेले माझे. शुक्रवारी नाही म्हणून कळवतो." मी खूप समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

बुधवारी त्यांनी टाकीच्या दुकानातल्या बाईंना फोन लावला. स्पीकर चालू होता. बाईंनी दिवा किती तास, खाऊ किती, सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, "नळाचं पाणी तर पडत नाही ना टाकीत? आपल्याला प्यायला चालतं, पण त्यात जे विरघळलेलं असतं त्यावर शेवाळ पोसतं."

हे जवळजवळ चिडलेच. "आमच्या घरात? चुकूनसुद्धा नाही. रोज जेवढं उडून जातं तेवढं पाणी ही स्वतः घालते, फिल्टरचं. तेरा वर्षं घालतेय. तिच्या हातून चूक व्हायची नाही."

मी ओट्यापाशी भाजी चिरत होते. सुरी तशीच हातात राहिली.

टाकीसाठी एक वेगळं फिल्टर आहे, सिंकच्या खाली. चार महिन्यांपूर्वी त्याची धार अगदी बारीक झाली, बादली भरायला तीन-तीन तास. ह्यांना सांगितलं असतं तर अख्खं सिंक उचकटून दोन दिवस माझ्या स्वयंपाकघराचा कारखाना केला असता. म्हणून मी गुपचूप बादली नळाखाली धरायला लागले. आपण पितो ते पाणी, माशांना काय धाड भरलीय, असं मला वाटलं.

गुरुवार मी कसा काढला मलाच ठाऊक. चोराच्या मनात चांदणं, हे नुसते बादलीकडे वळले तरी मी आधी धावत जाऊन ती उचलायची. सांगू या म्हणून दोनदा बाहेर आले आणि दोन्हीदा चहा विचारून परत गेले.

शुक्रवारी दुपारी त्यांनी फोन हातात घेतला, नंबर काढला.

"थांबा," मी म्हणाले. "टाकीत मी नळाचं पाणी घालत होते. रोज. चार महिने." मग फिल्टरचं सांगितलं, तुम्हाला का सांगितलं नाही तेही सांगितलं, सगळं एका दमात. चार शब्द ऐकून घ्यायची तयारी ठेवली होती.

हे स्टुलावर बसले. हात मांडीवर ठेवले.

"म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?"

"नाही हो. घाई करत होतात, पण चूक माझी."

त्यांचे डोळे भरून आले आणि तोंडभर हसू. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. तिथल्या तिथे कंपनीला फोन लावून सोमवारपासून येतो म्हणाले, मग पाना घेऊन सिंकखाली शिरले. मी आपणहून तिथले डबे बाहेर काढून दिले.

जेवताना मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "म्हणजे हात ठीक आहेत ना माझे?" ताटं उचलताना पुन्हा विचारलं. झोपेपर्यंत पाच वेळा विचारलं. पाचही वेळा मी "ठीक आहेत" म्हणाले, आणि दर वेळी त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.