पिकअपवाल्या आत्याची पैज

माझ्या आत्याला "आता हे असंच चालायचं" हे वाक्य सहन होत नसे. कोणी ते उच्चारलं की ती हातातलं काम खाली ठेवायची, पदर खोचायची आणि विचारायची, "काऊन? कोण म्हनते असं?" समोर डॉक्टर असो, तलाठी असो की तिचा स्वतःचा मुलगा, त्याला घाम फुटेपर्यंत सुटका नाही. आम्ही भाचरं तिला पिकअपवाली आत्या म्हणायचो, कारण नागभीडजवळच्या तिच्या खेड्यात पिकअप चालवणारी बाई ती एकटीच होती.

गाडी घेतली होती तिच्या यजमानांनी. त्यांना सगळा गाव गुरुजी म्हणे. शाळेत कडक असलेले गुरुजी चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूला मात्र भ्यायचे. सायकलवर असताना उतार दिसला की खाली उतरून चालायला लागायचे. धानाची पोती राईस मिलला पोचवायला म्हणून त्यांनी जुनी डिझेल पिकअप घेतली आणि ड्रायव्हर ठेवला. तो कायम कुणाच्या तरी लग्नात. एका सकाळी पोती भरून तयार आणि ड्रायव्हर बेपत्ता, तेव्हा आत्या सरळ स्टिअरिंगमागे जाऊन बसली. "तुले लायसन नाई," गुरुजी ओरडले. "मंग काढून द्या नं," आत्या म्हणाली. त्यांनी दिलं काढून. पुढे गुरुजी जिवंत असेपर्यंत तिच्या शेजारी बसून गावोगाव फिरले, बहुतेक वेळा डोळे मिटून.

आत्याचा आवडता प्रश्न होता, "कधीपासून?" म्हैस दूध कमी देते, सुनेचं डोकं दुखतं, मोटर पाणी ओढत नाही, तक्रार कोणतीही असो, आत्या आधी हेच विचारायची. "काय झालं ते मंग सांग. कधीपासून झालं ते पहिले सांग," असं तिचं म्हणणं. बायका तिला हसायच्या, पण अडल्या की तिच्याच ओट्यावर येऊन बसायच्या. दुसऱ्याला हे विचारणारी आत्या स्वतःच्या गाडीबाबत तो प्रश्न विसरली, आणि त्यापायी घर सोडायची पाळी तिच्यावर आली.

झालं असं की गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली. सेल्फ मारला की इंजिन जागं व्हायचं नाही, नुसतं कण्हायचं. उन्हाळ्यात कसंबसं खपून गेलं. पाऊसकाळात भाताची रोवणी करणाऱ्या बाया तिच्या गाडीतून शेतावर जायच्या, त्याच उतरून धक्का द्यायच्या आणि गाडी पळायची. पण थंडी पडली तशी गाडीने मानच टाकली. नागभीडच्या मिस्त्रीभाऊंनी बॅटरी बदलली, सेल्फ खोलून दुरुस्त केला आणि शेवटी हात पुसत म्हणाले, "बाई, इंजनच थकलं. आता हे असंच चालन." झालं! मिस्त्रीभाऊ भला माणूस, पण नेमकं तेच वाक्य बोलून बसला.

त्यातच एका संध्याकाळी जंगलातल्या रस्त्यावर थांबवलेली गाडी पुन्हा सुरूच होईना. त्या भागात वाघाची भीती काही गोष्टीतली नाही. आत्या काचा वर करून बसून राहिली आणि मागून आलेल्या ट्रॅक्टरने तिला ओढून आणलं. ही बातमी चंद्रपूरला मंगेशदादापर्यंत पोचली. मंगेशदादा म्हणजे तिचा एकुलता मुलगा. गुरुजी गेल्यापासून तो तिला आपल्याकडे फ्लॅटवर राहायला बोलावत होता. आता त्याने फोनवरच निकाल लावला. "आई, पुरे झालं. गाडी भंगारात दे अन् चाल माह्या घरी."

"गाडी बरी हाय," आत्या म्हणाली.

"बरी हाय तर मी रविवारी येतो. सकाळी माह्यासमोर सुरू करून दाखव. धक्का नाई, उतार नाई. नाई झाली तर त्याच दिवशी सामान भरायचं."

"अन् झाली तर पुन्हा हा विषय काढाचा नाई," असं म्हणून आत्याने फोन ठेवला. मी तेव्हा सुट्टीत तिच्याकडे गेले होते. तिचा चेहरा मी पाहिला. फ्लॅटला तिचा राग नव्हता, मंगेशदादावर तर जीव होता. पण तिथे तिला कोणी काही विचारायला येणार नव्हतं, आणि तिला नेमकी त्याचीच धास्ती होती. मला तिची इतकी कीव आली की मी म्हणाले, "आत्या, जाऊन तर बघ." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प भांडी घासायला गेले.

मग सुरू झाले तिचे प्रयोग. इंजिन गारठतं म्हणून रोज बोनेटवर गोधडी पांघरली. हीटर प्लग गेले असतील म्हणून ते नवे बसवले. डिझेलच्या नळ्या पुसून कुठे हवा शिरते का ते पाहिलं. एकही उपाय लागू पडला नाही. सेल्फ आपला कण्हतोय. शेजारची कौसल्याबाई कुंपणावरून म्हणाली, "बाई, गाडी तर जयंतीपर्यंत घोड्यावानी पळे. मंग काऊन असं होऊन राह्यलं?"

आत्या ताडकन उभी राहिली. "का बोलली तू?"

"जयंतीपर्यंत म्हटलं मी."

एप्रिलातल्या जयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी आत्याचीच पिकअप असायची. त्या वर्षी गावातल्या सुधाकर पेंटरने हौसेने सगळी गाडी निळी रंगवली होती. नुसती वरून नव्हे. खाली शिरून चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडासुद्धा, एकेक बोल्ट काढून, रंग देऊन, परत बसवून. असलं मनापासून केलेलं काम मी पुन्हा पाहिलं नाही. आत्याने कौसल्याबाईला गाडीत बसवून सेल्फ मारत राहायला सांगितलं आणि स्वतः बॅटरीच्या तारा हाताने चाचपू लागली. चासीला जोडलेल्या तारेचं टोक धरताच तिने "आई गं!" करून हात झटकला. तिथे चटका बसत होता. तिने जुनी जाड तार आणून बॅटरीच्या त्याच बाजूपासून थेट इंजिनाला जोडली. "मार!" म्हणाली. इंजिन एका दमात धडधडलं आणि कौसल्याबाई घाबरून दार उघडून पळाली.

चासीवरचा त्या तारेचा बोल्ट काढला तर खाली निळ्या रंगाचा जाड थर. रंगाआडून वीज बिचारी लोखंडात जाणार कुठून? सुधाकरला कळलं तेव्हा तो रडवेला होऊन आला. "बाई, माह्याच्यानं झालं." आत्या त्यालाच म्हणाली, "काऊन रडतं? रंग लय चांगला दिला तू. बोटभर जागा खरवड, बाकी तसाच राहू दे." त्याने कानस घेऊन लोखंड चकचकीत केलं आणि तार आवळून बसवली.

रविवारी मंगेशदादा सामानासाठी छोटा टेम्पो घेऊनच आला. अंगणात सगळ्या रोवणीच्या बाया जमल्या होत्या, जणू तिला निरोप द्यायला. थंडी इतकी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. आत्याने चावी फिरवली. गाडी सुरू झाली. बाया ओरडल्या, कोणी टाळ्या पिटल्या. मंगेशदादा खाली बघत उभा राहिला. आत्या खिडकीतून म्हणाली, "बस. गरम गरम जेवून जा. टेम्पोवाल्यालेही बसव जेवाले." तो बसला, आणि हसायला लागला, आणि पुढे कधीही त्याने तो विषय काढला नाही.

आत्या त्यानंतर बरीच वर्षं गाडी चालवत होती. मागच्या वर्षी, धानाची कापणी चालू असताना, थोड्या दिवसांच्या तापाने ती आपल्याच घरात गेली. मंगेशदादा शेवटपर्यंत तिच्या उशाशी होता. मला पोचायला उशीर झाला, आणि त्याचं दुःख मला अजून आहे.

तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या आठवणीतल्या वंदनेच्या दिवशी, दूरच्या नात्यातली एक बाई मंगेशदादाजवळ येऊन हळहळली, "इतका मोठा फ्लॅट तुहा, अन् तुही माय इथी एकटीच राह्यली बिचारी." मी तोंड उघडणार तोच मंगेशदादा उठला. "माह्या आईले बिचारी म्हनू नका," तो म्हणाला. "तिले यायचं नव्हतं. मी पैज हरलो होतो." आणि तो पुन्हा रडायला लागला. त्याला घेऊन बसावं म्हणून मी जागा शोधली, पण सतरंजीवर कुठेच जागा नव्हती. अंगणभर रोवणीच्या बाया बसल्या होत्या. आम्ही नातेवाईक मागे भिंतीला टेकून उभे राहिलो.