नत्थुजीचा दुसरा द्रोण

परतवाड्याच्या कापूसबाजारात नत्थुजी बोरे भरायचा. लाकडी चौकटीला रिकामा बोरा टांगायचा, आत उतरायचं आणि वरून पडणारी रुई पायांनी तुडवत तुडवत वर यायचं. दिवसभर हेच काम. भरलेल्या बोऱ्यावर तो मूठ मारून पाही. मूठ रुतली, तर कोणी न सांगता पुन्हा आत उतरे.

अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसाची वाट पाहत होत्या, ते हे दिवस. रेल्वे अजून इकडे पोचली नव्हती. गाड्यांच्या रांगा परतवाड्याहून अमरावतीला, अकोल्याला निघत. धुळीनं गाडीवानांचे घसे कोरडे पडत, आणि रस्त्याला लागून मोहाच्या दारूच्या भट्ट्या वाढत होत्या. त्यातली चांगली कोणती, हे नत्थुजी सांगे.

कोणत्याही भट्टीचं नवं घाण, म्हणजे एका खेपेची दारू, निघालं की त्याला बोलावणं येई. पळसाच्या पानांचा एक द्रोण तो घेई. थोडी दारू तळहातावर चोळून वास पाही, मग घोट तोंडात धरून जमिनीकडे बघत बसे. गाडीवान त्याच्या निकालाची वाट बघत.

"घाईत काढली. आच मोठी होती."

"तोंडावर गोड हाय, मांगून धूर लागते."

"वरच्या भांड्यातलं पानी बदलाचा आळस केला."

दारूपेक्षा तो काढणाऱ्याची मेहनतच चाखत असावा. पसंत पडली तर तो द्रोण संपवून बाजूला ठेवी. नाही पडली तर उरलेली ओतून द्रोण पालथा घाली. पालथा द्रोण दिसला की गाडीवान उठून दुसऱ्या भट्टीची वाट धरत. दुसरा द्रोण मात्र त्यानं कधी मागितला नव्हता. सकाळी बोऱ्यात उतरायचं असे. नत्थुजीला झिंगलेला पाहिलेला माणूस परतवाड्यात नव्हता.

हे निकाल मुक्कामोमुक्काम पोचवायचा कुर्बान गाडीवान. तो स्वतः थेंबालाही शिवत नसे.

"पेत नाईस, तं तुले काय समजते रे?" लोक चिडवत.

"म्हनूनच माह्या तोंडची बात सरळ जाते, भाऊ. तुमची रस्त्यातच लडखडते," कुर्बान म्हणे.

साऱ्या भट्ट्यांत जानराव कलालाची भट्टी नत्थुजीच्या आवडीची. तिथं द्रोण कधी पालथा पडला नव्हता. त्या पावसाळ्यात पटकीच्या साथीत जानराव गेला. कापसाच्या हंगामात त्याची बायको सत्यभामा हिनं एकटीनं भट्टी पेटवली. लोक म्हणाले, बाईमाणसाच्यानं हे होणार नाही. तिनं नत्थुजीला निरोप धाडला.

पहिलं घाण निघालं त्या दुपारी गाडीवान अंगणभर बसले होते. दर्यापूरचे होते, हिवरखेडचे होते. इथून उठून गेले तर पुन्हा यायचे नाहीत, हे सत्यभामेला माहीत होतं. भट्टीवाचून तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

नत्थुजीनं तळहात चोळला. वास घेतला. पुन्हा घेतला. घोट तोंडात धरला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ जमिनीकडे बघत राहिला. मग द्रोण तसाच हातात धरून उठला आणि भट्टीमागं गेला. तिथं मोहफुलांचे बोरे रचले होते. त्यानं एका बोऱ्यात नाक घातलं.

"वयनी, हे बोरे कोनाचे?"

सत्यभामा म्हणाली, "सारे बोरे कापसात गेले, भाऊजी. मेळघाटातून फुलं आनाले एक भेटेना. कुर्बानभाऊनं आनून देल्ले, अमरावतीवरून."

मागून आलेला कुर्बान म्हणाला, "चांगले झटकून आनले ना मी. बाई अडून बसली होती."

"त्याच्यात सरकी भरली होती," नत्थुजी म्हणाला. "तेल लागलं फुलाले. तुले वास कसा नाई आला?"

"माह्या गाडीत रोज सरकीच अस्ते, भाई. मले तं आता सासुरवाडीलेबी सरकीचाच वास येते."

नत्थुजी द्रोणाकडे बघत उभा राहिला. द्रोण पालथा घालायला त्याचा हात धजत नाही, हे सत्यभामेनं ओळखलं.

"तुमी त्यायच्या वक्ती या भट्टीवर कधी खोटं बोलले होते काय?"

"नाई."

"मंग आता काहून थांबून राहिले?"

नत्थुजी अंगणात आला. सगळ्यांसमोर त्यानं दारू ओतली आणि द्रोण पालथा घातला. मग कधी नव्हे ते लांब बोलला. "फुलाले सरकी लागली. हे घान बाद. पन आच बरोबर हाय, पानी बरोबर बदललं, धूर कुठंच नाई. जानरावचा हात गेला, भट्टीचा नाई गेला. ज्याले जाचं त्यानं जा."

अर्ध्याहून जास्त लोक उठले. बाकीचे रेंगाळले, मग तेही गेले. सत्यभामेनं पालथा द्रोण उचलून चुलीत टाकला.

घरात कुडाची एक जुनी कणगी होती. त्यात जानरावानं स्वतः भरलेली फुलं होती, बोऱ्याला न लागलेली. एका घाणापुरती होती. तिनं ती भिजत घातली. आंबून तयार झाली त्या दिवशी नत्थुजी बाजारातली मजुरी बुडवून आला आणि विहिरीवर गेला. वाफ थंडावून दारू उतरावी म्हणून वरच्या भांड्यातलं पाणी कोमट होऊ द्यायचं नाही, एवढंच काम त्यानं अंगावर घेतलं. ती आच सांभाळत होती, तो घागरी वाहत होता. एकदा तो जरा टेकला, तर ती म्हणाली, "भाऊजी, पानी गरम होऊन राहिलं." तो लगेच उठला. तिचं लक्ष बघून त्याला बरं वाटलं.

कुर्बाननं रस्त्यावरच्या गाड्या थांबवून माणसं आणली होती. काही त्या दिवशी उठून गेलेलेच होते. सत्यभामेनं नत्थुजीपुढं द्रोण केला.

"बोला, नत्थुजी," हिवरखेडचा एकजण म्हणाला.

"मी नाई बोलत. याच्यात माहे हात लागले. आपल्या हातचं आपनच कसं सांगाव?"

"मंग कोन सांगन?"

"ज्याले त्याले जीभ हाय."

गाडीवान एकमेकांकडे बघू लागले. नत्थुजीनं तळहात चोळला नाही, जमिनीकडे बघितलं नाही. दमलेला माणूस पितो तसा प्यायला. द्रोण संपला. मग रिकामा द्रोण सत्यभामेपुढं धरला.

"आनिक द्या, वयनी."

अंगणात गलका झाला आणि सगळ्यांचे हात एकदम पुढं आले.

दुसऱ्या सकाळी नत्थुजी बोऱ्यात उशिरा उतरला. तोवर कुर्बानची गाडी अमरावतीच्या वाटेला लागली होती. समोरून येणारी प्रत्येक गाडी थांबवून तो एवढंच सांगत होता, "जानरावच्या भट्टीवर जा. नत्थुजीनं दुसरा मांगतला."