हाक मारून गप्प राहायचं

वरंधा घाट उतरताना माझं लक्ष दरीकडे नव्हतं. ते शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याच्या, शमुवेलच्या, मनगटाकडे होतं. त्याचं हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून त्या मनगटावर एक घड्याळ असतं आणि त्याच्या छातीतला प्रत्येक ठोका माझ्या मोबाईलवर आकडा होऊन दिसतो. एसटी वळणाला लागली की आकडा वर जायचा, सरळ रस्ता आला की खाली यायचा, आणि माझा जीव त्याच्या मागोमाग वर-खाली व्हायचा. बाहेर पळस फुलले होते म्हणे. ते मला शमुवेलने नंतर सांगितलं.

हा प्रवास त्याच्याच डोक्यातून निघालेला. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू होते. आमच्या नगरच्या मंडळीत पाळकसाहेब म्हणाले, मटण सोडणं सोपं आहे, यंदा मोबाईल सोडून दाखवा आणि उरलेला वेळ प्रार्थनेला आणि विसाव्याला द्या. सगळे हसले. शमुवेल हसला नाही. घरी आल्यावर म्हणाला, "सुमन, तू हल्ली माझ्याशी बोलत नाहीस. माझ्या मनगटाशी बोलतेस." मी म्हटलं, तुझ्यासाठीच करते ना. "रात्री कूस बदलली की मला आधी तुझ्या मोबाईलचा उजेड दिसतो," तो म्हणाला. "प्रार्थनेला बसतेस तेव्हाही तो मांडीवर उघडा. चार दिवस कुठेतरी जाऊ, जिथे हे काहीच नसेल." डॉक्टरांनी चालायला-फिरायला मोकळीक दिलीच होती, त्यामुळे मला सबब उरली नाही. मी घाबरले होते, एवढंच.

महाडला उतरलो तेव्हा चवदार तळ्यावर मार्चमधली, सत्याग्रहदिनाची गर्दी होती. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, वडापावच्या गाड्या. लोक पायऱ्या उतरून पाण्याशी जात होते. शमुवेलही उतरला, वाकला, त्याने ओंजळ भरली आणि तोंडाशी नेली. मी झटकन त्याचा हात धरला. ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग व्हायला किती वेळ लागतो, हे मी मोबाईलवर वाचून वाचून पाठ केलेलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "इथे, या तळ्यावर, तू मला पाण्याला शिवू देत नाहीस?"

शेजारी पायऱ्यांवर बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या. "पिऊ द्या हो बाई. त्याच्यासाठीच तर येतो आपण."

माझे आजोबा नगरकडच्या एका गावात विहिरीजवळ ओंजळ धरून उभे राहत, कोणी वरून पाणी ओतेल याची वाट बघत. हे मला लहानपणापासून माहीत, आणि तरी मी हात धरला होता. मी तो सोडला. शमुवेल घोट प्यायला. मी हसले खरी, पण दिवसभर त्याच्या पोटाकडे लक्ष ठेवून होते.

माझा मावसभाऊ प्रमोद औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात आहे. त्याच्या खोलीवर आम्ही जेवलो. खिडकीतून कसलातरी आंबूस वास येत होता आणि खालून शिफ्टच्या बसगाड्या जात होत्या. जेवण झाल्यावर शमुवेलने दोन्ही मोबाईल आणि ते घड्याळ प्रमोदच्या कपाटात ठेवलं. घड्याळाखालची कातडी पांढरी पडली होती.

"ताई, काही झालं तर?" प्रमोदने विचारलं. कोणीतरी हे विचारावं म्हणून मी कधीची थांबले होते.

"झालं तर पोलादपूरला दवाखाना आहे," शमुवेल म्हणाला आणि त्याने कपाट लावून घेतलं.

प्रमोदच्या शिफ्टला काम करणाऱ्या एकाचे चुलते पोलादपूरच्या डोंगरात राहतात, गणूकाका. त्यांच्याकडे आमची सोय केली होती. पोलादपूरहून उमरठच्या बाजूला जाणारी जीप मिळाली. एका फाट्यावर तिने आम्हाला सोडलं आणि तिथून वाडीपर्यंत पायवाटेचा चढ. करवंदीच्या जाळ्या, लाल माती, वर सावरीची (काटेसावरीची) पानं झडून नुसती फुलं उरलेली. सुंदर असेल. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, या वाटेने आजारी माणसाला खाली कसं आणायचं. शमुवेल दम खायला थांबला की माझा हात आपोआप पर्सकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

वाडीतली निम्मी घरं कुलपात. माणसं मुंबईला. गणूकाका आणि पार्वतीकाकू मात्र आपल्या घरी राहून शेत करतात. मुलगा संतोष मुंबईत. काकूंनी कुळथाची पिठी (आपल्याकडचं हुलग्याचं पातळ पिठलं) आणि नाचणीची भाकरी वाढली. मीठ कमी घाला म्हणून मी आधीच सांगून ठेवलं होतं.

"मोबाईलचा उपास?" काकू म्हणाल्या. "आमचा तर बारा महिने उपास हाय गो. रेंजच नाय. वर त्या कातळावर येते, ती पन मर्जी असली तर."

"मग संतोषची खबर कशी कळते?"

"नाय कळत."

"काळजी नाही वाटत?"

"वाटते तर. वाटून करतेस काय?" आणि त्यांनी माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

संध्याकाळी एक गंमत पाहिली. दिवा लावायच्या आधी काकू अंगणाच्या टोकाशी गेल्या, तोंडाभोवती हात धरले आणि समोरच्या उतारावर लांब हाळी दिली, "संत्याऽऽ!" मी चकित झाले, मुलगा तर मुंबईत. हाक मारून काकू गप्प उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने डोंगराच्या पोटातून "ओऽऽ" आली, ती गणूकाकांची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून मुलाच्या नावाने हाक, आणि ओ बापाची. वाडीतली प्रत्येक बाई आपापल्या माणसाला अशीच बोलावते. दुसरीच्या हाकेला कोणी ओ देत नाही, नाहीतर डोंगरात गोंधळ होईल.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही दोघांनीच पडवीत उपासना केली. शमुवेलने शास्त्रपाठ वाचला, एक गीत हळू आवाजात म्हटलं. त्याचा आवाज ऑपरेशननंतर बारीक झाला आहे. मी डोळे मिटले, पण मिटल्या डोळ्यांसमोरही मला आकडेच दिसत होते. बहात्तर. शहात्तर. मग आकडा नसलेली काळी पाटी. मी देवाकडे काही मागितलं नाही. मी नुसती आमेन केव्हा होतं याची वाट पाहत होते.

दुपारी गणूकाका कवळ तोडायला निघाले. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात त्याला इथे राब म्हणतात, आणि त्यासाठी झाडांच्या कापलेल्या फांद्यांना कवळ. "मीही येतो, नुसता बघायला," शमुवेल म्हणाला. मी नाही म्हणायच्या आत तो बांध ओलांडून गेला होता. त्याची पांढरी टोपी झाडीत दिसेनाशी झाली.

मी काकूंबरोबर चिंचा फोडायला बसले. थोड्या वेळाने काकूंचा हात थांबला. त्या हवेचा वास घेत होत्या. उठून अंगणाच्या टोकाला गेल्या, आणि मी त्यांच्या मागे. समोरच्या उतारावर, ते दोघं गेले होते त्याच बाजूला, धूर उठत होता. कोणाचा तरी राब पेटवलेला, वारा फिरला आणि सुकं गवत धरलं. वणवा होता. मोठा नव्हता, पण पिवळी जीभ खालून वर सरकताना स्पष्ट दिसत होती.

माझा हात मोबाईलसाठी कमरेला गेला. तिथे काहीच नव्हतं. मला वाटलं, आत्ता त्याचा आकडा दिसला असता तर तो कितीही असता तरी चाललं असतं.

काकूंनी हाळी दिली, "संत्याऽऽ!" आणि गप्प. मग ओ आली. काकांची. काकूंनी डोळे मिटले.

"माझ्या माणसाला पण विचारा ना काकू."

"माझ्या हाकेला तो ओ देयाचा नाय. तू मार."

मी ओरडले. "शमूऽऽ! शमू! शमू, कुठे आहेस? शमूऽऽ!" थांबलेच नाही. धूर, छाती, टाके, तो चढ, सगळं एकदम आठवत होतं आणि प्रत्येक आठवणीवर एक हाक. काहीच येत नव्हतं. मी उताराकडे धावणार तर काकूंनी दंड धरला.

"धावू नको. धूर खाशील. हाक मार आनि गप ऱ्हा. गप ऱ्हा गो बाय."

मला गप्प राहता येईना. गप्प राहिलं आणि काही आलंच नाही तर? मोबाईल हातात असताना मला कधी थांबायची वेळच आली नव्हती. विचारण्याआधी उत्तर समोर. मी पुन्हा ओरडले, आणि शेवटी घसा फाटला तेव्हा आवाजच निघेना. तेव्हा नाइलाजाने गप्प झाले.

आधी वाऱ्याचा आवाज ऐकू आला, मग गवत तडतडल्याचा, मग एका कोंबडीचा. तिथे उभी राहून मी प्रार्थना करत होते असं मला नंतर कळलं. तेव्हा मी म्हणत काहीच नव्हते, नुसती ऐकत होते. आणि त्या आवाजांच्या खालून, अगदी बारीक, चिडलेली ओ आली.

"ओऽ. ओऽऽ. अगं ओऽऽ!"

आग बांधाला अडून विझली. दोघं वरच्या वाटेने वळसा घालून आले. शमुवेलच्या तोंडाला काकांचा पंचा बांधलेला, डोळे लाल, टोपी हरवलेली. मी त्याला धरून रडले, काकू-काका बघत असताना.

"किती वेळ ओ देतोय मी," तो म्हणाला. "तू मध्ये श्वास घेशील तर ना. तुझ्या हाकेवर तुझीच हाक."

त्या दुपारी मी पडवीत घोंगडीवर आडवी झाले आणि झोपले. त्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा मला अशी झोप लागली होती. काकूंनी दिवा लावताना उठवलं तेव्हा गालावर घोंगडीची नक्षी उमटली होती. शमुवेल समोर बसून चिंचा फोडत होता.

नगरला परतलो त्या संध्याकाळी मी मोबाईल उघडला. त्याच्या ठोक्यांची रेघ महाडपर्यंत येऊन तुटली होती आणि महाडपासून पुन्हा सुरू झाली होती. मध्ये काहीच नाही, नुसती पांढरी जागा. त्या जागेत तो तळ्याचं पाणी पचवून चढ चढला होता, कुळथाची पिठी जेवला होता, वणव्यातून चालत आला होता आणि माझ्यावर चिडला होता. तिथे त्याला कोणीतरी सांभाळलं होतं, आणि ती मी नव्हते. ती रेघ ज्यात दिसते ते ॲप मी मोबाईलमधून काढून टाकलं. घड्याळ त्याच्या हातावर आहे. डॉक्टरांना हवं तेव्हा ते बघतील.

भीती गेली, असं मी लिहिणार नाही. काल सकाळी तो आंघोळीला गेला आणि पाण्याचा आवाज थांबला. चहा उकळत होता. बराच वेळ काही हालचाल नाही. मी गॅस बंद केला, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि एकदाच हाक मारली, "शमूऽऽ."

मग गप्प राहिले. नळ ठिबकत होता. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मी गप्पच राहिले.

"ओ," आतून आवाज आला. "टॉवेल दे."